घातलं किती, काढलं किती

कार्पेट धुण्याचं काम आटोपून मशीनची टाकी रिकामी करताना मी घरातल्या कुणाला तरी मुद्दाम जवळ बोलावते. मशीनला दोन टाक्या असतात. एकीत स्वच्छ गरम पाणी भरायचं, दुसरीत कार्पेटमधून ओढलेलं पाणी जमतं. ते दुसरं पाणी बघितलं की बोलतं माणूसही क्षणभर थांबतं. राखाडी-काळं पाणी, तळाला वाळूचा गाळ, वर केस आणि लवेचे, म्हणजे कार्पेटच्या वरच्या उभ्या धाग्यांचे, तंतू यांचा गुंता. “हे सगळं यात होतं?” हा प्रश्न ठरलेला. हो, यातच होतं, आणि रोज त्यावर मुलं लोळत होती.

या कामाबद्दल मला जे प्रश्न विचारले जातात, ते जवळजवळ सगळे ‘काय घालता?’ या जातीचे असतात. कुठलं लिक्विड, कुठली पावडर, चहाच्या डागावर काय, शाईच्या डागावर काय. मी उत्तरं देते, खाली या लेखातही देणार आहे. पण हे काम करत गेले तसतसं माझं लक्ष दुसऱ्याच हिशेबाकडे जायला लागलं: घातलं त्यातलं किती बाहेर काढलं? मळ तर काढायचाच, पण मळ काढण्यासाठी जे पाणी घातलं, जो साबण घातला, तोही काढायचा. कार्पेट धुण्याच्या सगळ्या पद्धती या एका कसोटीला लावून पाहिल्या की कुठली बरी आणि कुठली नाही, ते लवकर कळतं.

कपडा आपण बुडवतो, खंगाळतो, पिळतो, दोरीवर टाकतो. जमिनीला चिकटवलेल्या कार्पेटला यातलं काहीच करता येत नाही. त्याची एकच बाजू आपल्या हाती असते. वरून ओतलेलं लवेतून खाली उतरतं, विणीच्या पाठीत शिरतं, तिथून खालच्या फोमच्या थरात मुरतं. आत जायला गुरुत्वाकर्षण मदत करतं. बाहेर काढायला आपण आणि आपलं मशीन.

म्हणून पहिलं काम कोरडं. बाटल्या गाडीतच ठेवायच्या आणि व्हॅक्यूम आधी काढायचा. कार्पेटमधला बहुतेक मळ कोरडाच असतो: वाळू, माती, त्वचेचे सुटलेले कण, कपड्यांचे तंतू, केस. तो कोरडा आहे तोवर हवेच्या ओढीने निघतो. त्यावर पाणी पडलं की चिखल होतो, आणि तो चिखल लवेच्या बुडाशी जाऊन बसतो. व्हॅक्यूम न करता थेट फवारणी सुरू करणं म्हणजे आधी कळस मग पाया. तरी हे सर्रास होतं, कारण व्हॅक्यूम करताना काही ‘चाललंय’ असं दिसत नाही, आणि फेस मात्र दिसतो. व्हॅक्यूम सावकाश करावा लागतो. एकाच पट्ट्यावरून पुढे, मागे, पुन्हा पुढे, मग त्याच जागी आडव्या दिशेने. मशीन भराभर फिरवलं तर वरचा कचरा जातो आणि बुडाची वाळू तिथेच राहते.

त्या वाळूचं मी इतकं मनावर का घेते, तेही सांगते. वाळूच्या कणाला धार असते. पाऊल पडलं की तो कण धाग्यावर घासतो, पाऊल उचललं की पुन्हा घासतो. दारापासून सोफ्यापर्यंत जो वाटेसारखा पट्टा पडतो, तो कधीकधी कितीही धुतला तरी काळपटच दिसतो. तिथे मळ उरलेला नसतो. तंतूंवर इतके बारीक ओरखडे उठलेले असतात की प्रकाश सरळ परत येण्याऐवजी विखुरतो आणि डोळ्याला ती जागा मळकी भासते. हे नुकसान झालं की झालं, कुठल्याच बाटलीत त्यावर उपाय नाही. दाराच्या आत आणि बाहेर एकेक चांगलं पायपुसणं आणि नियमाने केलेला व्हॅक्यूम, एवढ्याने हा पट्टा पडणं कितीतरी पुढे ढकलता येतं.

व्हॅक्यूम क्लीनरची जन्मकथा मला फार आवडते. 1901 साली ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने लंडनमध्ये एका अमेरिकी यंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं. ते यंत्र हवेचा झोत मारून धूळ उडवत होतं, उडालेली काही डब्यात पडत होती, बाकीची पुन्हा खाली बसत होती. बूथने विचारलं, उडवण्याऐवजी ओढून का घेत नाही? ते शक्य नाही, असं उत्तर मिळालं. मग त्याने एका उपाहारगृहात खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, रुमालाला तोंड लावलं आणि जोराने श्वास ओढला. रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग उमटला. त्याच वर्षी त्याने पेटंट घेतलं. त्याचं पहिलं यंत्र इतकं अवजड होतं की ते घोडागाडीवर रस्त्यात उभं राहायचं आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात जायच्या. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे या यंत्राने साफ झाले. धूळ हलवणं वेगळं आणि ती जागेवरून घालवणं वेगळं, हा फरक त्याच्या एका श्वासाने स्पष्ट केला. आमचा सगळा धंदा त्या फरकावर उभा आहे.

कोरड्या मळातच एक प्रकार असा असतो जो पाहून लोक घाबरतात. भिंतीच्या कडेने, बंद दाराच्या फटीखाली कार्पेटवर बारीक काळी रेघ उमटते. पाय तर तिथे पडत नाही, मग हे आलं कुठून? दाराच्या फटीतून आणि भिंतीच्या बुडातून हवा सतत ये-जा करत असते. कार्पेट त्या हवेतली काजळी गाळून घेत राहतं. कण इतके सूक्ष्म असतात की ते तंतूंना घट्ट धरून बसतात. ही रेघ फिकी करता येते, पूर्ण घालवणं क्वचितच जमतं. ते मी काम सुरू करण्याआधीच सांगते.

आता तंतू. कार्पेट कशाचं आहे हे कळल्याशिवाय त्याला ओला हात लावू नये, या बाबतीत मी हट्टी आहे. मागच्या बाजूची पट्टी शाबूत असेल तर तिच्यावर लिहिलेलं असतं, नसेल तर कडेचा एखादा धागा कापून, चिमट्यात धरून जाळून पाहायचा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर नेली की ती बहुधा विझते, आणि राख बोटांत चुरडली जाते. सुती धाग्याला कागद जळल्यासारखा वास. कृत्रिम धागे वितळतात आणि त्यांचा टणक मणी होतो. त्यातलं पॉलिप्रॉपिलीन ओळखायची युक्ती आणखी सोपी आहे: धागा पाण्यात टाकून दाबा, तो वर तरंगत येतो. त्याची घनता पाण्याहून कमी, साधारण 0.91. नायलॉन आणि पॉलिस्टर पाण्यात बुडतात.

हे कशासाठी, तर प्रत्येकाची दुखरी बाजू वेगळी. लोकर म्हणजे केरॅटिन, प्रथिन. तिला तीव्र अल्कली सोसत नाही, उकळतं पाणी सोसत नाही, आणि कपड्यांचं क्लोरीन ब्लीच तर तिला अक्षरशः विरघळवून टाकतं. पॉलिप्रॉपिलीनचा रंग बहुधा धागा बनतानाच आत मिसळलेला असतो, म्हणून ते ब्लीचलाही दाद देत नाही. पाण्यातले डाग त्यावर टिकत नाहीत, पण तेलाशी त्याची दाट मैत्री. पॉलिस्टरचंही तसंच. नायलॉन दणकट आणि गरम पाण्याला खुशीने साथ देणारं, पण त्याच्या रेणूंत आम्लधर्मी रंगांना बसायला जागा असतात. नायलॉन रंगवतात ते याच जागांच्या जोरावर. सरबतातले, गोळ्यांतले लाल रंगही त्याच कुळातले असल्यामुळे लाल सरबत नायलॉनवर सांडलं की डाग पडत नाही, कार्पेट चक्क रंगवलं जातं.

धुण्याच्या कामात चार गोष्टी असतात: रसायन, उष्णता, घासण्याचा जोर आणि वेळ. हेन्केल कंपनीतल्या हर्बर्ट झिनर या रसायनतज्ज्ञाने 1959 मध्ये ही चौकडी एका वर्तुळात मांडली. एकीचा वाटा कमी केला तर तेवढा दुसरीचा वाढवावा लागतो, एवढीच मांडणी. मला ती कार्पेटसाठी फार नेमकी वाटते. जोराने घासलं तर लव फाटते. उष्णता वाढवली तर लोकर आकसते. रसायन वाढवलं तर धागा आणि रंग दोन्ही बिघडतात, शिवाय ते काढायचं काम वाढतं. उरतो वेळ, जो काही न बिघडवता वाढवता येतो, आणि नेमका तोच द्यायला कुणी तयार नसतं. फवारा मारला की लगेच ब्रश. मी फवारा मारून, मऊ ब्रशने तो लवेत एकसारखा पसरवून, दहा-पंधरा मिनिटं थांबते. या मिनिटांत साबणाचे रेणू आपलं काम करत असतात. त्यांचं एक टोक पाण्याकडे ओढ घेणारं, दुसरं तेलाकडे. तेलाकडचं टोक चिकट मळात रुततं, त्याला धाग्यावरून सोडवतं आणि पाण्यात तरंगतं ठेवतं. फक्त तो भाग वाळू द्यायचा नाही. वाळला तर सुटलेला मळ पुन्हा त्याच जागी चिकटतो.

त्यानंतर गरम पाण्याचं मशीन. यात वाफ नसते, उकळीच्या बरंच खाली तापवलेलं पाणी असतं. ते दाबाने लवेत शिरतं आणि त्याच नळीच्या तोंडाशी असलेला पंपाचा जोर त्याला लगोलग मागे ओढतो. एकदा पाणी सोडत हात मागे घ्यायचा, मग पाणी बंद करून त्याच पट्ट्यावरून नुसतं ओढत दोनदा जायचं. या कोरड्या फेऱ्यांतच काम चांगलं की वाईट ते ठरतं. घाईच्या माणसाला त्या टाळाव्याशा वाटतात, कारण कार्पेट तोवर स्वच्छ दिसायला लागलेलं असतं. पण दिसण्यापुरतं स्वच्छ कार्पेट आत चिंब असेल तर पुढचे दोन दिवस ते त्या घराला त्रास देणार.

शेवटच्या पाण्यात मी थोडं सौम्य आम्ल घेते. फवाऱ्यातला साबण बहुधा अल्कलीकडे झुकलेला, सामू म्हणजे पीएच नऊ-दहाच्या आसपास. तो तसाच राहिला तर लव कडक आणि चिकट होते. आम्लाच्या पाण्याने तो उदासीन होतो आणि धागा हाताला मोकळा लागतो. “मागच्या वेळी धुतलं आणि महिन्याभरात आधीपेक्षा काळं झालं,” ही तक्रार मी ज्या घरांत ऐकली, तिथे मला बहुतेक वेळा एकच कारण सापडलं. साध्या पाण्याचा फवारा मारून ब्रश फिरवला तरी फेस आला. म्हणजे मागचा साबण तसाच आत होता, आणि तो येणाऱ्या प्रत्येक पावलाची धूळ धरून ठेवत होता. अशा कार्पेटला नवा साबण घालायचाच नाही. नुसत्या गरम पाण्याने जुना काढत राहायचं, जोवर फेस थांबत नाही तोवर.

बाकीच्या पद्धतींबद्दल थोडक्यात. फिरत्या ब्रशने फेस करून शाम्पू करायची जुनी रीत मला मान्य नाही, कारण काढण्याची सोय तिच्यात जवळपास नाहीच. फिरत्या यंत्राखाली जाड कापडी चकती लावून वरवर टिपून घेण्याची रीत ऑफिसांत चालते. ती वरचा मळ उचलते, पण लांब लवेला पिंजून काढते. पॉलिमरवाला नवा प्रकार मला पटतो. त्यातलं द्रव्य मळाला कवेत घेऊन वाळतं, त्याचे ठिसूळ स्फटिक होतात आणि ते नंतरच्या व्हॅक्यूममध्ये निघून जातात. पाणी अगदी कमी लागतं. फार घाण झालेल्या कार्पेटला तो पुरत नाही, पण मधल्या काळात चांगला. ओलसर भुकटी पसरून, ब्रशने फिरवून, ओढून घ्यायची पद्धतही नाजूक जागी उपयोगाची. दोन्हींत शेवटी व्हॅक्यूम नीट केला तरच अर्थ.

आता डाग. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण घराघरांतून सर्वांत जास्त नुकसान याच ठिकाणी होतं, आणि तेही मायेपोटी. काही सांडलं की माणूस गुडघ्यावर बसून जीव तोडून घासायला लागतो. कार्पेटचा प्रत्येक धागा पीळ देऊन केलेला असतो. घासल्यावर पीळ उकलतो, टोकं पिंजतात. डाग निघाला तरी तिथे एक विस्कटलेली जागा कायमची राहते आणि लांबून ती डागासारखीच दिसते. घासायचं नाही, टिपायचं. पांढरं, स्वच्छ, पाणी शोषणारं कापड घ्यायचं. रंगीत घेतलं तर त्याचाच रंग उतरायची भीती, शिवाय डाग कापडात येतोय की नाही तेही कळत नाही. कडेकडून मध्याकडे यायचं. तळहाताने दाबायचं, उचलायचं, कापडाची कोरडी घडी पुढे आणायची, पुन्हा दाबायचं. घट्ट पदार्थ असेल तर आधी चमच्याने उचलायचा. सांडल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत नुसत्या टिपण्याने जेवढं निघतं तेवढं नंतर महागड्या रसायनानेही निघत नाही.

त्यानंतर साधं पाणी, मग सौम्य साबणाचं पाणी, मग पुन्हा साधं पाणी. प्रत्येक पायरीला द्रव कापडावर घ्यायचं, कार्पेटवर ओतायचं नाही. प्रत्येक पायरीनंतर टिपून काढायचं. आणि कुठलंही नवं द्रव्य आधी सोफ्याखालच्या दिसत नसलेल्या कोपऱ्यात लावून, पाच-दहा मिनिटं थांबून, पांढरं कापड दाबून पाहायचं. कापडावर रंग आला तर ते द्रव्य त्या कार्पेटसाठी नाही.

एवढ्याने गेला नाही तर डाग कुठल्या कुळातला आहे ते बघायचं. चहा, कॉफी, रेड वाइन हे टॅनिनवाले, म्हणजे वनस्पतींतल्या तुरट द्रव्याचे डाग. त्यांना आम्ल मानवतं: पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून लावलं तर ते सैल होतात. अल्कलीने ते उलट गडद होतात, म्हणून कपड्यांची तिखट पावडर इथे घातक. रक्त, दूध, अंडं हे प्रथिनांचे डाग. यांना गरम पाणी कधीही नाही, उष्णतेने प्रथिन गोठतं आणि धाग्याला धरून बसतं. थंड पाण्याने टिपत राहायचं. वाळलेल्या रक्तावर तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड काम करतं, पण ते रंगही उडवू शकतं, म्हणून कोपऱ्यातली चाचणी चुकवायची नाही. प्रथिनं तोडणारी एन्झाइमं उत्तम, त्यांना कोमट ओलावा आणि भरपूर वेळ हवा. लोकर आणि रेशीम हेही प्रथिनच असल्याने त्यांच्यावर ही एन्झाइमं वापरू नयेत. डाग खाता खाता ती गालिच्यालाही लागतात.

तेल, ग्रीस, लिपस्टिक, बॉलपेनची शाई यांना पाण्याची भाषा कळत नाही. त्यांना द्रावक, म्हणजे तेलकट गोष्टी विरघळवणारं द्रव, लागतं. शाईवर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला लावून टिपत गेलं की ती कापडात उतरते. इथेही ओतायचं नाही, आणि कारण गंभीर आहे: कार्पेटच्या पाठीचे दोन थर लॅटेक्सने चिकटवलेले असतात. द्रावक खोलवर गेलं तर ते लॅटेक्स विरघळतं, थर सुटतात, आणि तिथे फुगवटा येतो. च्युइंगगम बर्फाने गोठवून ठिसूळ करायचा आणि तुकड्यांनी काढायचा. मेणावर कोरा कागद ठेवून हलकी इस्त्री फिरवली की मेण कागदात येतं, फक्त पॉलिप्रॉपिलीनवर इस्त्री न्यायची नाही, ते स्वतःच वितळतं. फर्निचरच्या लोखंडी पायाचा गंज ऑक्झॅलिक आम्लाने निघतो, पण ते विषारी आहे आणि घरच्या प्रयोगाचं काम नाही.

हळदीचा डाग विचित्र असतो. तिच्यातलं करक्युमिन हा मुळात कापड रंगवायचाच रंग. अल्कली लागली की तो पिवळ्याचा तांबडा होतो, म्हणून साबण लावल्याबरोबर लोकांच्या पोटात गोळा येतो. आम्लाच्या पाण्याने तांबडा परत पिवळा होतो, घाबरायचं कारण नसतं. मात्र करक्युमिनला प्रकाश सोसत नाही. आधी शक्य तेवढा टिपून काढला आणि उचलता येणारा गालिचा असेल तर ती जागा उन्हाला धरली, की जे कापडात आलं नाही ते फिकं पडतं. ऊन गालिच्याच्या रंगावरही चालतं, तेव्हा नजर ठेवून.

मुलांच्या किंवा पाळीव प्राण्यांच्या मूत्राबद्दल लोक संकोचाने विचारतात. संकोच कशाला, सर्वांत अवघड काम तेच आहे. ताजं मूत्र बहुधा आम्लधर्मी असतं. जिवाणू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात, मग ते अल्कली होतं आणि कार्पेटच्या रंगावर उठतं. युरिक आम्लाचे स्फटिक पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. हवा दमट झाली की जागा ओलावते आणि गेलेला वास परत येतो. वर दिसणारा डाग लहान असतो, खाली फोममध्ये तो पसरत गेलेला असतो. अतिनील दिवा लावून मी आधी त्याची हद्द बघते. एन्झाइमचं द्रावण मूत्र जिथवर गेलं तिथवर पोहोचलं पाहिजे, तासन्‌तास तिथे ओलं राहिलं पाहिजे, आणि मग सगळंच्या सगळं ओढून काढलं पाहिजे. कार्पेटवर ओतू नका असं मी वर बजावलं, त्याला हा एक अपवाद, आणि तो मशीन हाताशी असेल तरच करायचा. फोमच भिजला असेल तर तेवढा फोम बदलणं अधिक प्रामाणिक.

घरगुती उपायांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. वाइनवर मीठ टाकलं तर ते थोडं द्रव शोषतं, टिपकागदापेक्षा जास्त काही करत नाही, आणि कण बुडाशी राहतात. सोडावॉटरचा उपयोग होतो तो त्यातल्या पाण्यामुळे. बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की छान फसफसतं, पण त्या फसफसण्यात दोघंही एकमेकांना संपवतात, उरतं पाणी आणि एक क्षार. आणि क्लोरीन ब्लीच अमोनियाबरोबर किंवा आम्लाबरोबर कधीच मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. हे मी कार्पेटच्या काळजीने सांगत नाही, तुमच्या फुप्फुसांच्या काळजीने सांगते.

“अहो, डाग गेला होता, दुसऱ्या दिवशी परत आला!” असा फोन येतो तेव्हा बोलणारा माणूस खरं बोलत असतो. कार्पेट वरून वाळतं. लवेच्या टोकावरून पाणी उडून जातं तसं दिव्याच्या वातीसारखं खालचं पाणी धाग्यातून वर चढतं, आणि पाठीत मुरलेला डाग घेऊन चढतं. टोकाशी पाणी उडतं, डाग राहतो. म्हणजे डाग परत आलेला नसतो, तो गेलेलाच नसतो, खाली लपलेला असतो. यावर उपाय जुना आणि छान आहे: ओलसर जागेवर पांढऱ्या टॉवेलची जाड घडी ठेवायची, वर प्लास्टिक, वर वजनदार पुस्तकं, आणि रात्रभर तसंच राहू द्यायचं. पाणी वर चढतंच, पण ते टॉवेलात जाऊन संपतं. तागाच्या पाठीच्या कार्पेटवर असंच चढून तपकिरी झाक येते, ताग ओला राहिला की त्याचाच रंग सुटतो. ती सौम्य आम्लाने सहसा जाते, पण खरा इलाज म्हणजे मुळात तेवढं पाणी न घालणं.

डाग बसूच नये म्हणून लेप देता का, असं विचारतात. त्याचाही इतिहास आहे. 1953 मध्ये थ्रीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत एका फ्लोरिनयुक्त द्रवाचे थेंब कॅनव्हासच्या बुटावर सांडले. ती जागा पाणी किंवा तेल कशालाच दाद देईना. पॅट्सी शर्मन आणि सॅम्युएल स्मिथ यांनी त्यातून स्कॉचगार्ड घडवलं. 1986 मध्ये ड्युपाँटने स्टेनमास्टर कार्पेट आणलं. नायलॉनमधल्या रंग बसण्याच्या ज्या जागांबद्दल वर लिहिलं, त्या जागा आधीच रंगहीन द्रव्याने अडवून टाकायच्या, ही त्यातली हुशारी. पण स्कॉचगार्डमधली ती मूळ फ्लोरिनची रसायनं निसर्गात नष्ट होत नाहीत, माणसाच्या रक्तातही ती सापडली, आणि 2000 मध्ये थ्रीएमने ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा लेपाचा आग्रह मी धरत नाही. जी गोष्ट पुन्हा काढता येत नाही, ती घालताना माझा हात थांबतो.

हाताने गाठी मारलेल्या लोकरी गालिच्याला तर घरात जागेवर धुऊच नये. तो उलटा करून, पाठीवर थाप देऊन, गाठींच्या बुडाशी साठलेली धूळ आधी झाडायची. एखाद्या गालिच्यातून इतकी माती पडते की खाली ढीग होतो आणि वरून तर तो स्वच्छ दिसत होता. मग प्रत्येक रंगाची वेगळी चाचणी: ओलं पांढरं कापड लाल भागावर दाबून ठेवायचं, निळ्यावर, काळ्यावर. लाल हाच बहुधा दगा देतो. रंग सुटत नसेल तरच थंड पाणी, लोकरीला चालणारा सौम्य साबण, थोडं आम्ल. लवेच्या दिशेने पाणी निपटायचं आणि सपाट पसरून वाळवायचं. फार जुन्या वस्तूंच्या बाबतीत तर हात आवरता घेणं हेच कौशल्य. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला इराणमधल्या अर्दबिलचा गालिचा 1539-40 सालचा. त्याचे रंग टिकावेत म्हणून तिथे दर अर्ध्या तासाला फक्त दहा मिनिटं दिवे लावतात. जिथे प्रकाशसुद्धा मोजून द्यायचा, तिथे साबणाचं काय घेऊन बसलात.

काही डाग काढण्याजोगे नसतात, कारण तिथे काही साठलेलं नसून काहीतरी गेलेलं असतं. मुरुमांच्या काही मलमांत बेंझॉइल पेरॉक्साइड असतं. ते हाताला लागून कार्पेटवर उतरतं आणि हळूहळू त्या जागेचा रंग खातं. पिवळट-नारिंगी ठिपके उमटतात आणि लोक ते धुवायला बोलावतात. तिथे रंग पुन्हा भरावा लागतो किंवा कपाटाखालचा तुकडा कापून तिथे बसवावा लागतो. अशी जागा दिसली की मी काम सुरू करण्याआधी बोट ठेवून दाखवते.

काम झालं की लव एका दिशेने विंचरून ठेवते आणि पंखा जमिनीलगत हवा फिरेल असा लावते. नुसत्या गरम खोलीपेक्षा खेळती हवा लवकर वाळवते. सहा-आठ तासांत पायाला कोरडं लागलं पाहिजे. एक-दोन दिवस ओल राहिली तर बुरशीला वाव मिळतो. फर्निचर परत ठेवायचंच असेल तर प्रत्येक पायाखाली प्लास्टिकचा किंवा ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा सारावा, नाहीतर ओलाव्याने लाकडाच्या पॉलिशचा तांबडा रंग किंवा लोखंडाचा गंज स्वच्छ कार्पेटवर उतरतो. आणि ते तुकडे दुसऱ्या दिवशी आठवणीने काढून टाकावेत.